हरसूलच्या बाजारातला बोकड

लंकाबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दुसऱ्याच ओळीला तुम्ही म्हणाला असतात, "मॅडम, तुमचं राहू द्या, आधी माझं आइका." आज आधी माझं.

परवा तुमची नात उज्ज्वला आली होती. अकरावं लागलंय तिला. शाळेत तिला कोणी सांगितलं की मटण खाणाऱ्यांना हार्ट अटॅक येतो. दुसऱ्या कोणी सांगितलं की मटण न खाणाऱ्यांच्या अंगात रक्तच नसतं. पोरगी गोंधळली आणि आली माझ्याकडे, कारण तिची आई म्हणाली, "मॅडमना विचार, त्या कॉलेजात तेच शिकवायच्या." म्हणे एका वाक्यात सांगा. मी जन्मभर मुलींना गृहविज्ञान शिकवलं, प्रथिनं आणि लोह फळ्यावर लिहून लिहून खडूने बोटं झिजवली, पण मला एका वाक्यात सांगता येईना. तुम्ही आठवलात आणि वाक्य लांबतच गेलं. शेवटी म्हटलं, जा, तुझ्या आजीची गोष्ट लिहून ठेवते, ती वाच. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही पहिल्यापासून सांगते आहे. कंटाळू नका.

द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला आपली बैठी घरं. तुमच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच भिंत, तीही वरून उघडी, त्यामुळे तुमच्याकडे फोडणी पडली की शिंक मला. तुमचे यजमान सावळीरामभाऊ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर. त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या रस्त्याला तुमचं गाव. तिथली शेती दिरांकडे सोपवून तुम्ही शहरात आलेल्या. उंच, हाडापेराने दणकट, दाताला मिसरी, आणि आवाज असा की तुम्ही घरात भाजीवालीशी भांडलात तरी रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायचा.

मी एकटी. नवरा लवकर गेला, नोकरी होती, पुस्तकं होती. माझ्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तुमच्या फळीवर गावचा देव. तुम्ही मला चहा द्यायचात तो वेगळ्या कपात. कान तुटलेला, निळ्या काठाचा, तो खिडकीतच असायचा. प्यायचा, विसळायचा, परत खिडकीत ठेवायचा. तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मला सांगावं लागलं नाही. एकदा मीच म्हटलं, "लंकाबाई, कपाचा कान गेलाय. नवा आणून देऊ?" तुम्ही म्हणालात, "असू द्या, चालतोय." चालतोय तर चालतोय. तरी मी यायचे, कारण गल्लीत खरं बोलणारी बाई तुम्हीच होतात.

रविवारी तुमच्याकडे मटण. सकाळपासून पाट्यावर वाटण सुरू व्हायचं. वाटायच्या तुम्ही, शिजवायच्या तुम्ही, आणि वाढायच्याही तुम्हीच. फोडी जायच्या भाऊंच्या आणि तुमच्या मुलाच्या, भिकनच्या, ताटात. भाऊंना चरबीचे तुकडे आवडतात म्हणून ते तुम्ही पळीने हुडकून हुडकून वाढायचात. तुम्ही आणि तुमची लेक चंद्रभागा मागून जेवायच्या. भांड्याच्या तळाचा रस्सा, नशीब असलं तर एखादं हाडूक, आणि त्यात कुस्करलेली भाकरी. ते पाहून मला काही वेगळं वाटायचं नाही. माझ्या आईचंही तसंच होतं. फक्त आमच्याकडे मटण नसे. आमच्याकडे वजडी, म्हणजे जनावराची आतडी, असे, आणि मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवलेल्या चान्या असत. त्या दारी वाळत घातल्या की गाव नाक मुरडायचं. पुढे मी कॉलेजात गेले आणि इंग्रजी पुस्तकात वाचलं की अशा मांसात उत्तम प्रथिनं आणि लोह असतं. ज्या खाण्यावरून आम्हाला वेशीबाहेर ठेवलं, त्याचा तक्ता मी वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतला. असो. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.

शहात्तर साली, ऐन आखाडात, सावळीरामभाऊ वर्कशॉपमध्येच कोसळले. आखाड म्हणजे पुढे श्रावण पाळायचा म्हणून आधीच हात धुऊन घ्यायचे दिवस. त्या आठवड्यात तुमच्याकडे तीनदा मटण झालं होतं, त्यामुळे दोष कोणाचा हे गल्लीने दुपारपर्यंत ठरवून टाकलं. डॉक्टरांनी मात्र पुष्कळ गोष्टी सांगितल्या. बिडी बंद. चरबीचं मटण बंद. मीठ कमी. तळलेलं नको. रोज थोडं चाला. मी तिथे होते, मी ऐकलं. तुमच्या घराने त्यातलं एकच ऐकलं, मटण बंद. बिडीचं कोणाला ऐकूच गेलं नाही, भाऊंना तर नाहीच.

आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, भाऊ आत असताना, तुम्ही पदर पसरून देवाला बोललात. मी शेजारीच उभी होते. "देवा, माझा माणूस उठू दे. तुला बोकड देईन. आन बोकड देईस्तवर माझ्या चुलीवर मटण शिजायचं नाय."

माणूस उठला. महिनाभराने कामावर गेला. मग तुमच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो.

तुमच्या गावची रीत मला तुमच्याकडूनच कळली. नवसाचा बोकड कापला की त्याची कलेजी निखाऱ्यावर भाजायची, आणि ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानेच पहिली फोड खायची. त्याने खाल्ली की मग बाकीच्यांनी जेवायचं. त्याने नाही खाल्ली तर नवस फिटला नाही. आता भाऊंना तर डॉक्टरांनी मटणाची बंदी केलेली. म्हणजे त्यांनी खायचं नाही. त्यांनी खायचं नाही म्हणजे बोकड द्यायचा नाही. बोकड द्यायचा नाही म्हणजे तुमच्या चुलीवर मटण शिजायचं नाही. हृदयाच्या दुखण्याला बोकडाचा नवस बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी म्हटलं, "अहो, नारळ तरी बोलायचात."

"नारळाला माणूस उठतोय व्हय," तुम्ही म्हणालात.

तुम्ही गावच्या भगताला, झिपरूला, विचारून आलात. तो म्हणाला, नवस ज्याचा, तोंड त्याचंच. झालं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. रविवारी तुमच्याकडे पिठलं, नाहीतर डाळ. भिकन मित्रांकडे जेवायला जाऊ लागला. भाऊ तोंड पाडून बसायचे आणि म्हणायचे, "माझ्यापायी सगळ्या घराला सुतक." तुम्ही म्हणायचात, "जिता हाय ना? गिळा."

इथपर्यंत ही हसण्याची गोष्ट होती. मग अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत चंद्रभागा बाळंतपणाला माहेरी आली.

उज्ज्वला, ही तुझी आई, म्हणून नीट वाच. तिला सिन्नरकडे दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण सासरी झालं, त्यात ते मूल गेलं आणि ती स्वतः रक्त जाऊन मरता मरता वाचली. या खेपेला आली ती भिंतीला धरून चालत आली. ओठ पांढरे, नखं कागदासारखी, दोन पायऱ्या चढली की धाप. एक दिवस मी तिला तुमच्या चुलीच्या मागे पाहिलं, चुलीचीच भाजलेली माती खरवडून खात होती. मी तिची पापणी खाली ओढून बघितली. आत गुलाबी काही नव्हतंच.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तुम्ही बरोबर होतात. रक्त तपासलं. बाईंनी तुम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, हिच्या अंगात रक्त फार कमी आहे, मागच्यासारखं रक्त गेलं तर या वेळी सोसायचं नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंतांचं औषध दिलं. आणि म्हणाल्या, "तुम्ही खाणारे लोक आहात ना? मग कलेजी द्या, अंडी द्या, मटण द्या. उशीर करू नका."

परतताना द्वारकेच्या चौकात ट्रक जाऊ देत उभ्या राहिलो तेव्हा म्हणालात, "बापाला चालत नाय, लेकीला पायजे. आता देवानं कुणाचं आइकायचं?"

"देवाला सोडा. मला विचारा."

"तुमाला देवच नाय. तुमाला काय इचारू."

मी रागावले नाही, कारण ते खरंच होतं. पण उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते काही कठीण नव्हतं. मटणात विष नाही आणि अमृतही नाही. पन्नाशीचा, बिड्या फुंकणारा, चरबी हुडकून खाणारा माणूस वेगळा. पोटात पोर असलेली, मागच्या खेपेला रक्त गेलेली, जन्मभर तळाचा रस्सा खाल्लेली बाई वेगळी. दोघं एका घरात राहतात म्हणून दोघांना एकच पथ्य लावायचं, याला मी काय म्हणू? पालेभाजीतही लोह असतं, गुळात असतं, अळिवात असतं. पण त्यातलं अंगाला थोडंच लागतं, आणि वर जेवणावर चहा ढोसला की तेही कमी होतं. मांसातलं चटकन लागतं. हे मी तुम्हाला त्या संध्याकाळी भिंतीवरून ओरडून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुमचं शास्त्र बराबर आसंल. माझी जीभ देवाफुडं गेलीया."

मी म्हटलं ठीक, मग गोळ्या तरी नेमाने द्या. चार दिवसांनी मागच्या मोरीत गोळ्या सापडल्या. चंद्रभागा रडायला लागली. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट गच्च धरतं, तिला वाटलं आतून काही सडतंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं की असं होतं. मी सांगितलं, आणि पुन्हा सुरू करायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही माझ्या दारात आलात. पदराखाली काहीतरी होतं. आत आला नाहीत. उंबऱ्यापाशी उभं राहून विचारलंत, "मॅडम, तुमची चूल माझी नाय ना?"

"नाही."

"उंबरा बी माझा नाय."

"नाही."

"मग झालं." आणि पदराखालून पुडी काढलीत. पळसाच्या पानात बांधलेली कलेजी.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी विचारलं, "चंद्रभागा माझ्या भांड्यात खाईल?"

"खाईल."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीया. मला नको."

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "लंकाबाई, तुमच्या पोरीचा जीव वाचवायला माझी भांडी चालतात. आणि माझ्या चहाला तुमची चालत नाहीत. हा कुठला हिशेब?"

तुम्ही दाराची चौकट धरून उभ्या. मला वाटलं आता भांडण. तुम्ही म्हणालात, "आसं हाय खरं." एवढंच. पुडी पुढे केलीत. मी घेतली. पोरीचा जीव माझ्या रागापेक्षा मोठा होता, आणि तुम्हालाही ते माहीत होतं, म्हणूनच तुम्ही आल्या होतात.

पहिल्या दिवशी कलेजी मी शिजवली. मला स्वयंपाक शिकवता येतो, करता येतोच असं नाही. चंद्रभागा चावत बसली. तुम्ही उंबऱ्यावरून बघत होतात. थोडा वेळ तुम्ही कळ सोसलीत. मग म्हणालात, "मॅडम, ही कलेजी हाय का सायकलचा टायर? एवढा जाळ कुनी लावतं व्हय?" आणि चपला काढून तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात आलात. किती वर्षं शेजारी राहून, पहिल्यांदा. डबे उघडून बघितलेत, तिखट हुंगलंत, नाक मुरडलंत, आणि दुसऱ्या दिवशी घरून मसाला घेऊन आलात.

त्या दुसऱ्या दिवशीचं मला अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही कलेजी केलीत, मऊ, लसणावर. चंद्रभागेला ताट वाढायला घेतलंत. पळीने रस्सा वाढलात, दोन भाकऱ्या ठेवल्यात, आणि सगळ्या फोडी वाटीत काढून वाटीवर झाकण ठेवलंत. वाटी बाजूला सरकवली. चंद्रभागाही रश्शात भाकरी कुस्करायला लागली. दोघींना काही वेगळं वाटलं नाही.

मी विचारलं, "ती वाटी कोणाची?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग वाटीकडे.

"इथे कोण जेवायचंय?" मी म्हटलं. "भाऊ नाहीत, भिकन नाही. कोणासाठी राखताय?"

तुम्ही खाली बसलात. मग हसायला लागलात, पोट धरून, चंद्रभागाही हसायला लागली. "हात मेला गेला आपसूक," तुम्ही म्हणालात. झाकण काढलंत आणि वाटी तिच्या ताटात पालथी केलीत. ती म्हणाली, "आये, एवढं?" तुम्ही म्हणालात, "खा गं. आज कुनी मागून नाय, कुनी फुडं नाय."

उज्ज्वला, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाटीत आहे. त्या घरात मटणाने नुकसान होत होतं आणि मटणाअभावीही होत होतं, ते एकाच पळीने. ज्याला कमी हवं त्याच्या ताटात जास्त, जिला जास्त हवं तिच्या ताटात नाहीच. शाळेत तुला हे कोणी सांगायचं नाही, कारण तक्त्यात माणशी किती ग्रॅम तेवढं असतं. कोण आधी जेवलं ते नसतं.

पुढे बाळंतपणापर्यंत हे चाललं. आठवड्यातून एकदोनदा कलेजी, एरवी अंडी, कधी पायाचा रस्सा, आणि गोळ्या नेमाने, माझ्यासमोर. जेवणावर चहा नाही, त्यावरून तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतात. भिंतीपलीकडे भाऊंचा जीव वरखाली व्हायचा. एकदा ते दारात आले आणि म्हणाले, "विमलाताई, वास घ्यायला तरी परवानगी हाय का डाक्टरची?"

तुम्ही आतूनच म्हणालात, "घ्या की. आधी हातातली बिडी फेका म्हंजी वास कळंल."

भाऊ गेले ते थेट स्टँडवर. तिथे खिमा खाऊन यायचे ते, मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, लंकाबाई. शर्टाला वास यायचा. तुम्ही तो शर्ट न बोलता धुवायचात.

होळीच्या सुमारास चंद्रभागेचे दिवस भरले. दवाखान्यात मी आणि तुम्ही. मूल लवकर झालं, पण रक्त पुन्हा गेलं, मागच्याइतकं नाही तरी बरंच. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज चढलेला ऐकू यायचा. तुम्ही माझं मनगट धरलं होतं, बांगडी रुतेपर्यंत. शेवटी बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांबलं. सोसलंय तिने. दोन महिन्यांपूर्वीचं रक्त असतं तर सांगता आलं नसतं." मुलगी झाली होती. ही उज्ज्वला.

तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात की मॅडमच्या कलेजीनं पोर वाचली. मी प्रत्येकीला सांगत होते की तसं नाही. गोळ्यांनी असेल, जंतांच्या औषधाने असेल, माती खाणं सुटलं त्याने असेल, सगळ्याने मिळून असेल. हल्ली तर म्हणतात गरोदर बाईने कलेजीसुद्धा बेताचीच खावी, अति नको. शास्त्र आपलं म्हणणं सुधारत असतं, त्यात त्याची लाज नाही. पण गल्लीला एकच कारण लागतं. भाऊ पडले तेव्हाही एकच लागलं होतं.

त्यानंतर केव्हा ते नक्की आठवत नाही, तुम्ही मला चहा दिलात तो स्टीलच्या पेल्यात, घरातल्याच. मी खिडकीकडे बघितलं. निळ्या काठाचा कप होता तिथेच, पण त्यात मिसरी होती.

आता बोकडाचं.

मला ती गाठ बघवत नव्हती. म्हणून एकदा मीच भाऊंच्या डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, यांनी भाजलेल्या कलेजीची एक फोड, एकदाच, खाल्ली तर काय होईल? डॉक्टर म्हणाले, "एका फोडीने काय होतंय? त्यांच्या बिड्यांचं बघा." संपलं. इतकी वर्षं हा प्रश्न डॉक्टरांना कोणी विचारलाच नव्हता. देवाची गोष्ट डॉक्टरकडे न्यायची नाही आणि डॉक्टरची देवाकडे, अशी तुमच्याकडची वाटणी.

मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. वाटलं, तुम्ही उड्या माराल. तुम्ही म्हणालात, "बरं झालं." मग म्हणालात, "हरसूलच्या बाजाराला जाऊ. तिथं डोंगरातली जनावरं येत्यात, चांगली आसत्यात. तुमी चला संगं. तुमी वजन बघा, मी दात बघते." ठरलं. तुम्ही नवं दावंही आणलंत, लाल गोंड्याचं. तुमच्या घरात ठेवलं तर पोरं खेळायला घेतील म्हणून माझ्या खिळ्याला अडकवून गेलात.

मग पेरण्या आल्या. मग श्रावण. मग भिकनचं लग्न. मग दिरांच्या घरी कोणी गेलं, त्याचं सुतक. पुढच्या वर्षी भाऊंच्या पायाला लागलं. मी दर बाजाराच्या आधी भिंतीवरून विचारायचे, "उद्या जायचं का?" तुम्ही म्हणायचात, "जाऊ की, घाई हाय का काय?" मला असली टाळाटाळ सोसत नाही. एकदा मी दावं घेऊन तुमच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "आज सांगा. जायचंय की नाही? सून आलीय घरात, तिलाही पिठल्यावर ठेवणार का?"

तुम्ही तांदूळ निवडत होतात. भाऊ बाहेर ओट्यावर होते, तरी तुम्ही आवाज खाली आणलात. तुम्हाला तो खाली आणता येतो हे मला तेव्हा कळलं.

"मॅडम, नवस फिटला की देव मोकळा झाला. मग त्याचं माझ्या घराकडं काय काम? आता तो बोकडासाठी थांबलाय. थांबलाय तवर ह्यांना नेत नाय."

मी शिकलेली बाई. माझ्याकडे याला उत्तर होतं, चांगलं मोठं होतं. पण ओट्यावर भाऊ खोकत बिडी ओढत होते आणि तुम्ही माझ्याकडे अशा बघत होतात की मी दावं परत नेऊन खिळ्याला अडकवलं. फक्त म्हटलं, "मग सुनेला माझ्याकडे पाठवा जेवायला." तुम्ही पाठवलीत.

मला नंतर दिसलं ते सांगते. भाऊ स्टँडवर खात होते. भिकन मित्रांकडे, पोरी माझ्याकडे. त्या नवसाने मटण सुटलं ते एकट्या तुमचं. दूध भाऊंना, अंडं सुनेला, तुम्ही भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मी म्हणायचे, चला, तुमचंही रक्त तपासून घेऊ. "मला काय झालंय," तुम्ही म्हणायचात, आणि घागर उचलून दाखवायचात. माझ्या स्वयंपाकघरात इतकी कलेजी रांधलीत, मीठ बघायला रस्सासुद्धा जिभेला लावला नाहीत. चंद्रभागेला विचारायचात, "मीठ हाय का गं?"

शहाऐंशीच्या पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली. गल्लीत पुष्कळांना झाली होती, पाण्यामुळे. ते उठले, तुम्ही उठला नाहीत. मटण खाल्लं असतंत तर वाचला असतात असं मी म्हणणार नाही. मी शिक्षिका आहे, भगत नाही. अंगात कस नव्हता एवढं मला दिसत होतं, ते मी तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली.

शेवटच्या आठवड्यात मी बसले होते तुमच्यापाशी. डोळे हळदीसारखे झाले होते, तरी तुम्ही दरडावलंत, "मॅडम, दावं हाय ना जाग्यावर?"

"आहे."

"दिवाळी झाली की जाऊ. काळा घ्यायचा. डाग नको. मी बरी झाले की..."

ओट्यावरून भाऊ म्हणाले, "काय गं, कुठं जाताय?"

"कुठं नाय," तुम्ही म्हणालात. "तुमी गप बसा."

भाऊ अजून आहेत, लंकाबाई. साठी ओलांडली. बिडी ओढतात, सुनेच्या हातचं जेवतात, घरात मटण शिजत नाही. भिकनने एकदा विषय काढला तर म्हणाले, ती बोलली होती, ती सोडवील. मला मात्र ते अधूनमधून भिंतीवरून विचारतात, "विमलाताई, ते दावं कशाला ठेवलंय?" मी सांगते, लंकाबाईंचं आहे.

हरसूलचा बाजार आठवड्याच्या आठवड्याला भरतो. सकाळची गाडी स्टँडवरूनच सुटते. वजन मी बघायचं होतं, दात तुम्ही.